फिजिओथेरपी सुरू करण्यापूर्वी: इंदूरच्या मराठी घरांतून विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण रामबाग, लोकमान्य नगर, स्नेहनगर या भागांतल्या मराठी घरांतले असतात. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात बहुधा एमआरआयची मोठी पिशवी असते आणि मनात दोन प्रश्न असतात: किती दिवस लागतील, आणि दुखेल का. या दोन्हींची उत्तरे पुढे आहेतच. शिवाय जे प्रश्न संकोचापायी विचारले जात नाहीत, किंवा दाराशी चपला घालताना घाईघाईने विचारले जातात, तेही येथे घेतले आहेत.

फिजिओथेरपी म्हणजे मालिश आणि शेकच ना?

मालिश आणि शेक ही फिजिओथेरपीतील दोन साधने आहेत, आणि तीही दुय्यम. दुखापत, शस्त्रक्रिया, आजार किंवा वाढते वय यांमुळे ज्या हालचाली कमी झाल्या, बिघडल्या किंवा वेदनेविना करता येईनाशा झाल्या, त्या तपासून, मोजून आणि टप्प्याटप्प्याने परत मिळवण्याचे हे शास्त्र आहे. गुडघेदुखी आणि कंबरदुखी सर्वांना ठाऊक असते. पण अर्धांगवायू, पार्किन्सन, हृदयशस्त्रक्रियेनंतरची उभारणी, फुप्फुसांचे जुनाट आजार, बाळंतपणानंतरची ओटीपोटाची अशक्तता आणि लहान मुलांमधील सेरेब्रल पाल्सी यांतही फिजिओथेरपीचा मोठा वाटा असतो.

आमच्याकडे माळव्यात शेकण्याला ‘सिकाई’ म्हणतात, आणि ‘आज सिकाई झाली का?’ अशी विचारपूस मराठी घरांतही याच शब्दात होते. ‘आज व्यायाम किती वेळा केला?’ असे मात्र क्वचितच कोणी विचारते. ज्या रुग्णाचे सगळे लक्ष सिकाईवर असते त्याला दोन-चार तास बरे वाटते आणि आठवडाभराने तो तेथेच असतो.

डॉक्टरांची चिठ्ठी घेऊनच यावे लागते का?

शस्त्रक्रिया, हाड मोडणे, हृदयविकार किंवा अर्धांगवायू झालेला असेल, तर संबंधित डॉक्टरांची चिठ्ठी आणि रुग्णालयातून सुटतानाचा कागद अवश्य आणावा, कारण पायावर किती भार द्यायचा, सांधा किती अंशांपर्यंत वाकवायचा, यांसारख्या मर्यादा त्यात लिहिलेल्या असतात आणि त्या अंदाजाने ठरवता येत नाहीत. उसण भरणे, मान अवघडणे, टाचदुखी अशा तक्रारींसाठी पुष्कळ जण थेट येतात आणि तपासणीत काही वेगळे आढळल्यास त्यांना डॉक्टरांकडे पाठवले जाते.

काही लक्षणे असताना मात्र फिजिओथेरपीची वेळ ठरवत बसू नये. कंबरदुखीबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, लघवी तुंबणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही मज्जातंतूंवर मोठा दाब आल्याची चिन्हे असू शकतात आणि त्यात तासांना महत्त्व असते. अशा वेळी थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्यानंतर एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शंका घ्यावी आणि ती पोटरी चोळू नये. त्यातच धाप लागली किंवा छातीत दुखले, तर उशीर करूच नये. ताप, कारण नसताना घटलेले वजन, किंवा कूस बदलूनही रात्रभर न थांबणारी वेदना असेल, तर आधी डॉक्टरांची तपासणी व्हावी.

पहिल्या दिवशी सोबत काय आणावे आणि कोणते कपडे घालावेत?

जुने अहवाल, चालू औषधांची यादी, चष्मा आणि रोज वापरात असलेली पादत्राणे. पादत्राणांचा उल्लेख वाचून लोक हसतात. पण एकाच बाजूने झिजलेली टाच चालण्याविषयी बरेच काही सांगते.

गुडघ्यासाठी येणाऱ्यांनी मांडीपर्यंत वर घेता येईल असे सैल वस्त्र घालावे. खांद्यासाठी येणाऱ्या स्त्रियांना पुढून उघडणारा सैल कुर्ता सोयीचा पडतो. साडीत तपासणी होत नाही असे नाही, परंतु पाय वर उचलण्याचे व्यायाम करताना सगळे लक्ष निऱ्या सावरण्यातच जाते. तपासणीसाठी शरीराचा आवश्यक तेवढाच भाग उघडा करावा लागतो. घरचे कोणी सोबत असावे, स्त्री उपचारक असावी किंवा पडदा असावा, असे वाटत असेल तर ते निःसंकोच सांगावे. अशी मागणी करणे हा रुग्णाचा हक्क आहे. येताना भरपेट जेवून येऊ नये, तसेच मधुमेहाच्या रुग्णांनी औषध घेऊन उपाशीपोटी येऊ नये. रविवारी सकाळचे पोहे-जिलेबी खाऊन लगेच पालथे झोपण्याचे व्यायाम कसे होतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

पहिल्या दिवशी नेमके काय होते?

पहिला दिवस मुख्यतः प्रश्नांचा आणि मोजमापाचा असतो, आणि त्यामुळे काही जण निराशही होतात. ‘तासभर बोलणेच झाले, उपचार कुठे झाले?’ असे मला स्पष्ट ऐकवणारे काका आहेत. परंतु दुखणे कधी सुरू झाले, सकाळी अधिक असते की संध्याकाळी, बसल्याने वाढते की चालल्याने, खोकताना कळ पायात उतरते का, यांची उत्तरे मिळाली की निम्मे निदान झालेले असते.

नंतर तपासणी होते. उभे राहण्याची ढब आणि चालणे पाहिले जाते, सांध्याची हालचाल गोनिओमीटर या कोनमापकाने अंशांत मोजली जाते आणि स्नायूंची शक्ती ० ते ५ अशा श्रेणीत नोंदवली जाते. या श्रेणीत ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव पूर्ण उचलता येणे आणि ५ म्हणजे उपचारकाच्या हाताचा पूर्ण विरोध झेलता येणे. उताणे झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला जातो आणि किती अंशांवर मांडीतून पोटरीपर्यंत कळ जाते ते पाहिले जाते. ‘नस दबली आहे’ या वाक्यात किती तथ्य आहे, याचा बराचसा अंदाज या एका साध्या चाचणीवरून येतो.

हे आकडे कागदावर राहतात, हे महत्त्वाचे. एका आजींचा गुडघा पहिल्या दिवशी ७० अंशांपर्यंत वाकत होता. तीन आठवड्यांनी ‘काही फरक नाही बघ’ असे म्हणत त्या खुर्चीवर बसल्या, मी कोनमापक लावला आणि तो आकडा त्यांनाच वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले: १०२. रोज थोडा थोडा होणारा फरक ज्याचा त्याला जाणवत नाही, म्हणून तो मोजावा लागतो.

शेवटी तुम्हाला काय साध्य करायचे आहे, असे विचारले जाते. या प्रश्नाला ‘बरे व्हायचे आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. जिना धरल्याशिवाय उतरायचा आहे, वरच्या फळीवरचा डबा काढायचा आहे, अनंत चतुर्दशीच्या रात्री झाकी, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहायला दोन तास उभे राहायचे आहे, असे काही सांगितले तर त्यानुसार व्यायाम ठरवता येतात.

व्यायामाने दुखेल का? किती दुखणे चालते?

थोडे दुखू शकते, आणि त्याचा अर्थ प्रत्येक वेळी इजा होत आहे असा नसतो. वेदना ० ते १० या मापावर सांगण्याची पद्धत आहे. ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे कल्पनेपलीकडची. व्यायाम करताना ३ किंवा ४ पर्यंत वाढलेली आणि थांबल्यावर लवकर ओसरणारी वेदना सहसा चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा आदल्या दिवसापेक्षा अधिक सुजलेला किंवा आखडलेला असेल, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. व्यायाम बंद करण्याऐवजी तो निम्म्यावर आणावा आणि पुढच्या भेटीत तसे सांगावे.

पुष्कळ दिवसांनी वापरलेले स्नायू २४ ते ७२ तास ठणकतात. गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकात पहिल्यांदा नाचलेल्या मुलाच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी जशा दुखतात, तसेच हे दुखणे असते आणि ते आपोआप जाते. याउलट विजेसारखी चमक, पायाच्या बोटांपर्यंत उतरणारी कळ, वाढत्या मुंग्या किंवा बधिरपणा जाणवल्यास तो व्यायाम तेथेच थांबवावा.

कंबरेच्या रुग्णांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिने लोक घाबरतात. पोटरीत असलेली कळ व्यायामानंतर मांडीत आली, मग नितंबात आली आणि शेवटी फक्त कमरेत उरली, तर कंबर आधीपेक्षा जास्त दुखत असली तरी ते सुधारणेचे लक्षण मानले जाते. वेदना खालून वर सरकली तर चांगले. वरून खाली उतरत गेली तर व्यायाम बदलावा लागतो.

एमआरआयमध्ये गादी सरकल्याचे आले आहे. आता वाकायचेच नाही का?

अहवालातील शब्द वाचून माणूस जितका आजारी पडतो, तितका तो कित्येकदा मूळ दुखण्याने पडलेला नसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, पाठीची कोणतीही तक्रार नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचे निष्कर्ष एकत्र करण्यात आले. मणक्यांमधील गादीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांमध्ये दिसली. गादी फुगल्याचे विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्क्यांमध्ये दिसले. ही सगळी न दुखणारी माणसे होती. केस पांढरे होतात तसे मणक्यांतही वयानुसार बदल होतात, आणि चित्रात दिसणारा प्रत्येक बदल हेच दुखण्याचे कारण असते असे नाही.

म्हणून अहवाल आणि शरीराची तपासणी एकमेकांशी जुळतात का, हे पाहावे लागते. अहवालात डाव्या बाजूची नस आणि कळ उजव्या पायात, असे रुग्णही येतात. वाकण्याविषयी सांगायचे तर, तीव्र दुखण्याच्या पहिल्या काही दिवसांत वजन उचलून वाकणे टाळावे. पण वर्षानुवर्षे पट्टा बांधून, न वाकता राहिलेल्या कमरेचे स्नायू दुबळे होतात आणि मग जमिनीवरचा पेला उचलतानाही उसण भरते. पूर्ण झोपून राहण्याचा सल्ला एके काळी सर्रास दिला जाई. आता साध्या कंबरदुखीत, झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहण्यास सांगितले जाते.

मशीन लावणार ना? शेजारच्यांना तर रोज लावतात.

गरज असेल तर लावले जाईल. टेन्स आणि आयएफटी या यंत्रांतून त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमार्फत सौम्य विद्युतप्रवाह जातो, मुंग्या चालल्यासारखे वाटते आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते. अल्ट्रासाउंड हे येथे सोनोग्राफीसारखे चित्र काढण्यासाठी नसून ध्वनिलहरींनी ऊतींवर परिणाम करण्यासाठी असते. खोल भागासाठी १ आणि वरच्या थरांसाठी ३ मेगाहर्ट्‌झची लहर वापरतात. हातांच्या आखडलेल्या बोटांसाठी वितळलेल्या मेणाचे लेप देतात, आणि थंडीच्या दिवसांत आमच्याकडील सर्वांत लोकप्रिय उपचार तोच असतो.

हृदयात पेसमेकर असेल, त्या भागात धातूची पट्टी किंवा कृत्रिम सांधा बसवलेला असेल, गर्भावस्था असेल, कर्करोग असेल किंवा त्वचेची संवेदना कमी झालेली असेल, तर यंत्र लावण्यापूर्वीच सांगावे. डायथर्मीसारख्या खोल उष्णता देणाऱ्या यंत्रांत ही माहिती दडवणे धोक्याचे ठरते.

यंत्राने वेदना कमी झाली की जी एक-दोन तासांची सवड मिळते, ती व्यायामासाठी वापरायची असते. ती पलंगावर लोळण्यात घालवली, तर यंत्राचे पैसे वाया गेले असे मी मानते. महिनाभर रोज नुसते यंत्र लावले जात असेल आणि एकही व्यायाम शिकवला गेला नसेल, तर त्याचे कारण विचारावे.

गरम शेकावे की बर्फ लावावा?

ताजी लचक, सूज किंवा मुका मार असेल तर पहिले दोन-तीन दिवस गरम शेक टाळावा; बर्फ ओल्या फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटे ठेवावा, थेट त्वचेवर ठेवू नये. जुनाट आखडलेपणाला, विशेषतः जानेवारीच्या सकाळी, गरम शेक बरा. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेल्यांनी गरम पाण्याची पिशवी पायांवर ठेवूच नये, कारण भाजलेले कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही.

किती दिवस लागतील?

साधी लचक दोन-तीन आठवड्यांत बरी होते. अस्थिबंध (लिगामेंट) अधिक ताणला गेला असेल तर सहा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. नव्याने उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी सहा आठवड्यांत बरीच कमी होते. गुडघा बदलल्यानंतर नेहमीच्या कामांसाठी साधारण तीन महिने धरावेत, आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. आखडलेल्या खांद्याचा हिशेब महिन्यांतही होत नाही. तो एक ते तीन वर्षांचा असू शकतो.

शक्ती वाढवण्याच्या व्यायामांचा एक हिशेब समजून घेतल्यास धीर धरणे सोपे जाते. पहिल्या काही आठवड्यांत जी शक्ती वाढते, ती प्रामुख्याने मेंदू आणि नसा त्या स्नायूंना अधिक नीट कामाला लावू लागल्यामुळे वाढते. स्नायू प्रत्यक्ष भरू लागण्यास सहा ते आठ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नेमक्या याच सुमारास, ‘आता बरे आहे’ म्हणून रुग्ण येणे बंद करतात.

आठवड्यातून तीनदा दवाखान्यात येतोच. घरी वेगळा व्यायाम कशासाठी?

आठवड्यात १६८ तास असतात, त्यांतील तीन तुम्ही आमच्याकडे काढता. उरलेल्या १६५ तासांत तुम्ही जसे बसता, उठता, झोपता आणि जे व्यायाम करता किंवा करत नाही, त्यावर सगळे ठरते. दवाखान्यातील वेळ शिकण्यासाठी, चुका सुधारण्यासाठी आणि मात्रा वाढवण्यासाठी असतो.

व्यायाम थोडे द्यावेत, असा माझा आग्रह आहे. बारा व्यायामांची छापील यादी फ्रीजवर चिकटते आणि तेथेच राहते. तीन व्यायाम नीट दिले तर ते होतात. त्यांना रोजच्या एखाद्या कामाचा जोड द्यावा. चहाचे आधण उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, पोथी वाचायला बसण्यापूर्वी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबावी आणि सोडावी, बातम्या ऐकताना हनुवटी आत घ्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नये.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. शिकत असताना जिन्यावर माझा घोटा मुरगळला. इतरांना सांगण्यासाठी मला सगळे पाठ होते; मी स्वतः मात्र सूज उतरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम केलेच नाहीत, कारण दुखत नव्हते. चार महिन्यांनी त्याच जिन्यावर तोच घोटा पुन्हा मुरगळला, आणि दुसऱ्या वेळी बरे होण्यास दुप्पट वेळ लागला. दुखणे थांबले तरी सांध्याची जाण परत आलेली नसते, हे पुस्तकात वाचूनही मला तेव्हाच कळले.

मधुमेह आहे आणि खांदा आखडला आहे. या दोहोंचा संबंध आहे का?

आहे. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीच्या वयात अधिक आढळतो, स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, आणि मधुमेही व्यक्तींमध्ये त्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. पहिल्या टप्प्यात वेदना तीव्र असते, विशेषतः रात्री त्या कुशीवर झोपल्यास. दुसऱ्यात वेदना उतरते पण खांदा जखडतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटतो. हात बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वांत आधी जाते. अंबाडा घालता न येणे, पाठीमागचा हूक न लागणे, जानवे बदलताना हात अडकणे, अशा तक्रारींनी हे दुखणे घरात प्रथम कळते.

पहिल्या टप्प्यात जोर लावून हात वर ओढणे चुकीचे आहे. तेव्हा टेबलाला टेकून, कमरेत वाकून, हात लंबकासारखा सैल झुलवणे पुरेसे असते. पुढे भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम येतो. भिंतीवर पेन्सिलीने तारखेसह खूण करावी, म्हणजे प्रगती दिसते. रंग नवा असेल तर कागद चिकटवावा, एवढी सूचना घरच्यांच्या वतीने. रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे हाही या उपचाराचाच भाग समजावा.

गुडघा बदलल्यानंतर जिना, काठी आणि मांडी घालून बसणे यांचे काय?

रामबाग किंवा मल्हारगंजच्या जुन्या घरांतील अरुंद, उभे जिने हा शस्त्रक्रियेपूर्वीच विचारात घेण्याचा विषय आहे. शक्य असल्यास पहिले काही आठवडे खालच्या मजल्यावर झोपण्याची सोय करावी. जिना चढताना आधी चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवावा, उतरताना आधी शस्त्रक्रिया झालेला पाय खाली ठेवावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. दहापैकी आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरून येतात, म्हणून हे पुन्हा सांगते: उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. आजोबांची शिसवी काठी भावनेने कितीही मोलाची असली, तरी तुमच्या उंचीची नसेल तर ती भिंतीवरच शोभते.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे लक्ष गुडघा वाकवण्याकडे असते, आमचे तितकेच तो पूर्ण सरळ करण्याकडे. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपणे आरामाचे वाटते. पण त्याने पाय किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि पुढे लंगडत चालावे लागते. उशी घ्यायचीच असेल तर टाचेखाली घ्यावी. मांडी घालणे, उकिडवे बसणे आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. पूजेसाठी पाटाऐवजी खुर्ची घेण्यात कमीपणा मानणारे अनेक भेटतात. सत्यनारायणाने अद्याप खुर्चीला हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

पहलवानाकडून किंवा हाडवैद्याकडून आधी हात ओढून घेतला तर?

याबाबत माझे मत कठोर आहे. हाड मोडले आहे की नाही हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, आणि मोडलेल्या हाडावर जोर देणे किंवा ते चोळणे यातून कायमचे नुकसान होऊ शकते. मुलांच्या कोपराच्या दुखापतीनंतर तर मालिश कधीही करू नये. कोपराभोवतीच्या स्नायूंना असे बळजबरीने चोळल्या-ओढल्याने तेथे स्नायूतच हाड तयार होऊ शकते आणि कोपर जन्मभर अर्धवट वाकलेले राहू शकते. प्लास्टर निघाल्यावरही कोपराची हालचाल मुलाने स्वतः करावी, मोठ्यांनी हात धरून ताणू नये. घट्ट बांधलेल्या खपच्यांमुळे बोटे निळी, थंड किंवा बधिर झाली तर ती बांधणी ताबडतोब सोडून रुग्णालयात जावे.

अर्धांगवायूनंतर कधी सुरू करावे?

रुग्णाची प्रकृती स्थिर झाल्याचे डॉक्टरांनी सांगताच, म्हणजे अनेकदा रुग्णालयात असतानाच. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक असतो, तरी त्यानंतरही सुधारणा होत राहते. घरच्यांनी एक पथ्य कसोशीने पाळावे: रुग्णाला उठवताना दुबळा हात धरून ओढू नये. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, आणि ओढल्याने सांधा खाली सरकून नवे दुखणे मागे लागते. आधार पाठीमागून आणि कमरेपाशी द्यावा.

घरी येऊन उपचार मिळतात का? खर्च आणि विमा?

मिळतात. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्यासाठी ते आवश्यकच असतात, आणि घरी आल्यावर न्हाणीघरातील निसरडी फरशी, दारातील सरकणारे पायपुसणे, फार खाली असलेला पलंग हे सगळे दिसते, जे दवाखान्यात कधी कळले नसते. मात्र ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी यावे. ते येणे हाच एक व्यायाम असतो.

परवडत नसेल तर महाराजा यशवंतराव चिकित्सालय, ज्याला सगळे इंदूर एम.वाय. म्हणते, तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते; सकाळी लवकर जाऊन पर्ची काढावी. बहुतेक आरोग्य विमा योजनांत बाह्यरुग्ण फिजिओथेरपी आपोआप समाविष्ट नसते. परंतु रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांत, पुष्कळ योजनांत ६० किंवा ९०, डॉक्टरांनी लिहून दिलेले उपचार मान्य होऊ शकतात. त्यासाठी चिठ्ठी आणि प्रत्येक भेटीची पावती जपून ठेवावी. वीस-तीस भेटींचे पैसे आगाऊ मागितले गेले, तर आधी पाच-सहा भेटी करून पाहण्याचा आग्रह धरावा.

उपचारक पात्र आहे हे कसे ओळखावे?

बीपीटी, म्हणजे बॅचलर ऑफ फिजिओथेरपी, ही पदवी विचारावी. आजवरच्या बहुतेक पदवीधरांनी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसह साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीसह अनेक आरोग्यव्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि नोंदणीची तरतूद केली आहे. पदवीविषयी विचारल्यास चांगल्या उपचारकाला राग येत नाही.

उपचार थांबवण्याची वेळ कोणती?

पहिल्या दिवशी लिहून ठेवलेले उद्दिष्ट साध्य झाले आणि घरचे व्यायाम न बघता, योग्य पद्धतीने करता येऊ लागले, की भेटी आधी आठवड्यातून एक आणि मग महिन्यातून एक अशा कमी कराव्यात. सहा-आठ भेटींनंतरही आकड्यांत काहीच फरक नसेल, तर तोच उपचार रेटत न नेता पुन्हा तपासणी व्हावी किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर उल्लेखिलेल्या आजींनी त्यांच्या शेवटच्या भेटीत माझ्या टेबलावर घरच्या सांडग्यांचा डबा ठेवला. तो त्यांनी स्वतः जिना चढून गच्चीवर वाळवलेल्या सांडग्यांचा होता, आणि पहिल्या दिवशी कागदावर ‘गच्चीवर जायचे आहे’ एवढेच त्यांचे उद्दिष्ट लिहिलेले होते.